‘चिकित्सा करा’ म्हणजे नेमके काय करा? विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी युक्तिवादाचा सराव

पदवीच्या प्रश्नपत्रिकांत ‘स्पष्ट करा’, ‘चर्चा करा’ आणि ‘चिकित्सा करा’ असे तीन आदेश वारंवार येतात आणि बहुतेक विद्यार्थी तिन्हींना एकाच साच्याचे उत्तर लिहितात: व्याख्या, मुद्दे, उपमुद्दे आणि शेवटी ‘थोडक्यात’. यात दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. चिकित्सक विचाराची अपेक्षा सगळेच व्यक्त करतात. पण तो करायचा तर कोऱ्या कागदावर पहिली ओळ कोणती लिहायची, हे क्वचितच कोणी दाखवते. अकरावी-बारावीला ज्यांनी तर्कशास्त्र घेतले असेल त्यांना थोडी परिभाषा ठाऊक असते. परंतु सत्यता-कोष्टके (विधाने खरी-खोटी ठरवण्याचे तक्ते) भरता येणे आणि एखाद्या अग्रलेखातला कच्चा दुवा बोट ठेवून दाखवता येणे, यांत बरेच अंतर आहे.

हे अंतर कागद-पेन्सिलीने कापता येते. चिकित्सक विचार हा स्वभाव नसून सुतारकामासारखे हाताने करायचे काम आहे आणि दहा युक्तिवाद वरवर चाळण्यापेक्षा एकच युक्तिवाद पूर्ण उसवून पुन्हा शिवण्याने तो अधिक येतो, असे माझे मत आहे. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांत आपण एकच उदाहरण वापरू. वर्गातील उपस्थिती ७५ टक्के असलीच पाहिजे, अशी अट अनेक विद्यापीठांत आहे. तिच्या समर्थनार्थ पुढील म्हणणे आपण सर्वांनी ऐकलेले असते: “जे विद्यार्थी नियमित वर्गात बसतात त्यांनाच चांगले गुण मिळतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून उपस्थिती सक्तीचीच हवी.” हे उदाहरण मुद्दाम निवडले आहे, कारण त्याविषयी वाचकाचे मत आधीच पक्के झालेले असण्याचा संभव आहे आणि जिथे मत पक्के असते तिथेच तपासणी ढिली पडते.

पहिली पायरी: निष्कर्ष आणि आधार वेगळे करा

वहीचे पान घ्या आणि वक्त्याला आपल्याला काय पटवून द्यायचे आहे, ते एकाच वाक्यात लिहा. तो निष्कर्ष. तो पटावा म्हणून जी विधाने दिली आहेत ती आधारविधाने. मराठीत ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’, सरकारी पत्रांतला ‘सबब’ हे शब्द निष्कर्षाच्या आधी येतात, तर ‘कारण’, ‘कारण की’, ‘ज्याअर्थी’ हे आधाराकडे बोट दाखवतात. मात्र या शब्दांवर डोळे मिटून विसंबता येत नाही आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पुढील दोन वाक्ये पाहा. “रस्ता ओला आहे, कारण रात्री पाऊस पडला.” “रात्री पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे.” दोन्हींत ‘कारण’ आहे, पण पहिल्या वाक्यात रस्ता ओला असल्याचे सर्वांनाच मान्य आहे आणि तो का ओला झाला एवढेच सांगितले आहे, हे स्पष्टीकरण झाले. दुसऱ्या वाक्यात पाऊस पडला की नाही हाच वादाचा मुद्दा असून त्यासाठी पुरावा दिला आहे; हा युक्तिवाद. संस्कृत शास्त्रकारांनी हा भेद कारक हेतू आणि ज्ञापक हेतू असा केला: एक गोष्ट घडवणारा, दुसरा ती कळवणारा. आपल्या रोजच्या मराठीत दोघांचे काम एकच शब्द करतो आणि त्यामुळे विद्यार्थ्यांच्या निबंधांत स्पष्टीकरणे युक्तिवादाच्या वेशात सर्रास वावरतात. ‘तरुण वाचत नाहीत, कारण मोबाइल आला’ असे लिहिणाऱ्याने तरुण वाचत नाहीत हे दाखवलेलेच नसते. ते गृहीत धरून तो थेट कारणाकडे धावलेला असतो. कसोटी सोपी आहे: ‘कारण’च्या अलीकडचे विधान समोरच्याला आधीच मान्य आहे का, हे विचारावे. मान्य नसेल, तर आधी त्यासाठी पुरावा द्यावा लागेल.

दुसरी पायरी: न बोललेले बोलते करा

आता विधाने क्रमांक देऊन लिहा आणि आधार व निष्कर्ष यांच्यामधली जी जागा वक्त्याने उडी मारून ओलांडली आहे, तिथे गाळलेली विधाने भरा. आपल्या उदाहरणात फक्त दोन विधाने उच्चारलेली आहेत. मांडणी पूर्ण केल्यावर ती पाच होतात.

१. नियमित वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळतात.
२. (न उच्चारलेले) हे जास्त गुण वर्गात बसल्यामुळे मिळतात.
३. (न उच्चारलेले) आपखुशीने बसल्याने जो लाभ होतो, तोच सक्तीने बसवल्यानेही होतो.
४. (न उच्चारलेले) हा लाभ सक्तीमुळे होणाऱ्या तोट्यांहून मोठा आहे.
५. म्हणून उपस्थिती सक्तीची असावी.

एवढे लिहिल्यावर बहुतेक वादांचा नूर बदलतो. दुसरे विधान कार्यकारणाचे आहे, तिसरे माणसांच्या वागणुकीविषयी आहे आणि चौथे मूल्यांचे आहे. तिघांना लागणारा पुरावा तीन वेगळ्या जातींचा आहे. कितीही आकडे गोळा केले तरी चौथ्या विधानाचा निकाल केवळ आकड्यांनी लागत नाही आणि कितीही तळमळीने बोलले तरी दुसऱ्याचा निकाल तळमळीने लागत नाही.

गाळलेली विधाने भरताना प्रामाणिकपणा पाळावा लागतो. युक्तिवाद उभा राहील एवढेच, आणि शक्य तितके सौम्य विधान भरावे. ‘वर्गात न बसणारा प्रत्येक विद्यार्थी नापास होतो’ असे वक्त्याच्या तोंडी घालून मग ते खोडून काढणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

तिसरी पायरी: दोन प्रश्न वेगवेगळे विचारा

आधारविधाने खरी आहेत का, हा एक प्रश्न. ती खरी मानली तर निष्कर्ष निघतो का, हा दुसरा. तर्कशास्त्रात पहिल्याला सत्यतेचा आणि दुसऱ्याला युक्ततेचा प्रश्न म्हणतात. वर्गातील चर्चेत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून वहीत त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. ‘जर पाऊस पडला तर रस्ता ओला होतो; रस्ता ओला आहे; म्हणून पाऊस पडला’ यातली दोन्ही आधारविधाने खरी असू शकतात, आणि तरीही जलवाहिनी फुटलेली असू शकते.

तर्कदोषांच्या नावांविषयी एक इशारा. त्यांच्या याद्या पाठ करून आलेला विद्यार्थी काही महिने फार त्रासदायक होतो. त्याला प्रत्येक वाक्यात दोष दिसू लागतो. ‘हा बाबावाक्यं प्रमाणम् चा, म्हणजे मोठ्यांचा शब्द डोळे झाकून मानण्याचा प्रकार झाला’ असे म्हणणे सोपे असते, पण हृदयाच्या दुखण्याविषयी हृदयरोगतज्ज्ञाचा शब्द मानणे हा दोष नाही, दंतवैद्याचा मानणे हा असू शकतो. म्हणून निदान पहिल्या सत्रात तरी नावे न वापरता पूर्ण वाक्य लिहावे: ‘पहिल्या विधानावरून दुसरे निघत नाही, कारण…’. हे वाक्य पूर्ण करता आले नाही, तर दोष सापडलेला नाही, फक्त नाव आठवले आहे.

चौथी पायरी: उपाधी शोधा

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत जास्त फळ देणारीही.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतले धूर आणि अग्नीचे उदाहरण बहुतेकांनी ऐकलेले असते: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. नैयायिकांनी, म्हणजे या परंपरेतल्या विचारवंतांनी, पुढे विचारलेला उलटा प्रश्न मात्र कमी ऐकलेला असतो. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असे म्हणता येईल का? नाही; तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघतो तो अग्नीला ओल्या लाकडाची जोड मिळाल्यावर. ही ओल्या लाकडाची अट, जी बोलणाऱ्याच्या नजरेतून निसटली होती, तिला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले. दोन गोष्टी सोबत दिसतात तेव्हा ओले लाकूड कुठे आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की सामाजिक शास्त्रांतले निम्मे काम सोपे होते.

याचे आधुनिक आणि विद्यापीठातलेच उदाहरण म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेश. १९७३ च्या प्रवेशांत अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. हजारो अर्जांवर आधारलेला नऊ टक्के-बिंदूंचा हा फरक योगायोगाने पडणारा नव्हता. निष्कर्ष उघड वाटतो: विद्यापीठ स्त्रियांबाबत पक्षपात करते. पीटर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच आकडेवारी विभागवार मांडली आणि १९७५ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रवेशाचे निर्णय विद्यापीठ नव्हे, तर एकेक विभाग घेत होता. आणि विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो सार्वत्रिक कल दिसेनासा झाला. मोठ्या विभागांपैकी एकात तर अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी ६२ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या एका विभागात हे प्रमाण अनुक्रमे ६ आणि ७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. स्त्रियांचे अर्ज तुलनेने अधिक गेले होते ते अशा विभागांत, जिथे कोणालाही प्रवेश मिळणे कठीण होते. ‘कोणत्या विभागात अर्ज केला’ हे इथले ओले लाकूड.

येथे थांबणारा विद्यार्थी मात्र दुसऱ्या खड्ड्यात पडतो. या विश्लेषणावरून ‘स्त्रियांवर अन्याय होतच नव्हता’ हे सिद्ध होत नाही. प्रवेश समित्यांच्या निर्णयात तो सरसकट दिसला नाही, एवढेच सिद्ध होते. मुळात स्त्रिया विशिष्ट विषयांकडे का वळत होत्या, त्यांना शाळेपासून कोणत्या वाटेने नेले जात होते, हा प्रश्न शिल्लकच राहतो आणि अभ्यासकांनी तो स्वतःच उपस्थित केला होता.

आता आपल्या वहीकडे वळू. उपस्थिती आणि गुण यांच्यामागे कोणती ओली लाकडे असू शकतील? विषयाची आवड ज्याला आहे तो वर्गातही येतो आणि घरी अभ्यासही करतो. महाविद्यालयाशेजारच्या वसतिगृहात राहणाऱ्याला उपस्थितीही सोपी आणि अभ्यासाला वेळही जास्त. कसाऱ्याहून लोकलने मुंबईत येणाऱ्याचे किंवा रात्री काम करून शिकणाऱ्याचे दोन्हींकडे नुकसान. असे प्रत्येक कारण लिहावे आणि त्यापुढे, ते वगळून तुलना कशी करता येईल, तेही लिहावे: मागील वर्षी सारखेच गुण असलेल्या आणि सारख्याच अंतरावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही उपस्थितीने फरक पडतो का? हा प्रश्न विचारता आला, की दुसरे विधान खरे की खोटे हे अजून कळले नसले तरी ते कळण्याची वाट सापडलेली असते.

पाचवी पायरी: पुरावा तोलताना अपवादांकडे जा

आपल्या बाजूची उदाहरणे सापडतातच. त्यांनी काही सिद्ध होत नाही. उपयोगी पुरावा तो, जो आपले म्हणणे खरे असेल तर दिसेल आणि प्रतिस्पर्ध्याचे खरे असेल तर दिसणार नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) भयंकर साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. रोग दूषित हवेतून पसरतो, असे तेव्हाचे प्रचलित मत होते. जॉन स्नो या डॉक्टरचा संशय पाण्यावर होता. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले आहेत, हे दाखवणारा त्यांचा नकाशा प्रसिद्ध आहे. पण नीट पाहिले तर नकाशाने वाद मिटत नाही, कारण त्याच जागी हवाही खराब असू शकते, असे विरोधक म्हणू शकत होते.

स्नो यांचे खरे कौशल्य अपवादांच्या मागे जाण्यात होते. पंपापासून जवळच एक श्रमगृह, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करवून घेणारी संस्था, होते. तिथल्या ५३५ रहिवाशांपैकी फक्त पाच जण दगावले, आणि त्या श्रमगृहाचा पाणीपुरवठा स्वतंत्र होता. शेजारच्या मद्यनिर्मितीशाळेत सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांच्यापैकी कोणीही या रोगाने मेले नाही. ते तिथलेच मद्य पीत आणि त्या पंपावर जात नसत. हवा सगळ्यांना एकच होती. याउलट मैलोगणती दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा मरण पावली. चौकशीत कळले, की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे. हवा वेगळी, पाणी तेच. या तीन अपवादांनी केलेले काम नकाशावरच्या शेकडो ठिपक्यांना जमले नसते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढण्यात आला, पण साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, ही आपल्या विजयाला उणेपणा आणणारी गोष्टही स्नो यांनी लपवली नाही.

वहीतला याचा अवतार साधा आहे: उपस्थिती कमी असूनही उत्तम गुण मिळवणारे आणि पूर्ण उपस्थिती असूनही मागे पडणारे असे दोन गट मनात आणावेत, शक्य असल्यास प्रत्यक्ष शोधावेत आणि त्यांच्याबाबत वेगळे काय होते ते विचारावे.

नमुन्याविषयी दोन शब्द पुरेत. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला भात सारखा शिजलेला असतो. म्हण खरी असण्याची ती अट आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिकांच्या आधारे रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांना ४८ पैकी दोनच राज्ये मिळाली आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. मतपत्रिका पाठवल्या होत्या त्या प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांवरून, मंदीच्या काळात. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी घेणारेच मोजले गेले. शिते लाखो होती, पण एकाच कडेची.

सहावी पायरी: पूर्वपक्ष असा लिहा, की त्याचा समर्थक मान डोलावेल

आपल्या परंपरेत ग्रंथकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडत आणि मग त्याला उत्तर देत. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व जाणून घेण्यासाठी केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडण्यासाठी केली जाते ती वितंडा. आपल्या महाविद्यालयांतल्या वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांनी अनेकांना सभाधीटपणा दिला, हे मान्य करूनही मला असे वाटते, की त्यांतून शिकवला जातो तो मुख्यतः जल्प. बाजू चिठ्ठी काढून मिळते, टाळ्या शेरोशायरीला मिळतात आणि ‘आपला मुद्दा पटला, मी माझे मत बदलतो’ या वाक्याला एकही गुण नसतो.

म्हणून पूर्वपक्षासाठी वहीत निदान अर्धे पान द्यावे. समजा, तुम्ही सक्तीच्या विरोधात आहात. तर सक्तीचा सर्वांत बळकट कैवार असा असू शकेल: प्रयोगशाळेत आणि चर्चावर्गात एकाच्या गैरहजेरीने इतरांचेही नुकसान होते, ज्याच्या घरात याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्याला अभ्यासाची शिस्त लावणारी दुसरी व्यवस्था नसते, आणि त्यालाच सक्तीचा आधार सर्वाधिक होतो. हे लिहिल्यावर सक्तीची बाजू घेणाऱ्या एखाद्या वर्गमित्राला दाखवावे आणि ‘तुझे म्हणणे हेच ना?’ असे विचारावे. तो ‘हो, पण…’ म्हणाला, तर त्या ‘पण’नंतरचे लिहून घ्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून आक्षेप मागवायला हरकत नाही, पण स्वतःचे आक्षेप लिहून झाल्यावर. आधी मागवले तर हीच पायरी हुकते.

सातवी पायरी: स्वतःचा युक्तिवाद लिहा आणि शब्दांची मापे पाहा

आता निष्कर्ष लिहायचा. तो पुराव्याच्या मापाचा असावा. ‘सिद्ध होते’, ‘दिसून येते’, ‘सूचित होते’, ‘संभवते’ हे शब्द निबंधांत सजावटीसाठी आलटून पालटून वापरले जातात. वास्तविक ती चार वेगळी वजने आहेत. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ या शब्दांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकाला एक अपवाद विचारावा. आपल्या उदाहरणातला उत्तरपक्ष, म्हणजे पूर्वपक्षाला दिलेले आपले उत्तर, काहीसा असा होईल:

“नियमित उपस्थिती आणि चांगले गुण सोबत आढळतात, हे मान्य केले तरी त्यावरून सक्तीचे समर्थन होत नाही, कारण विषयाची आवड, घराचे अंतर आणि नोकरीची गरज या गोष्टी दोन्हींवर परिणाम करतात आणि त्यांचा वाटा वजा केल्यावर उपस्थितीचा स्वतःचा परिणाम किती उरतो, हे या निरीक्षणातून कळत नाही. प्रयोगशाळा आणि चर्चावर्ग यांच्याबाबत मात्र सक्तीचा आधार वेगळा, म्हणजे सहाध्यायींच्या नुकसानीचा आहे आणि तो मला ग्राह्य वाटतो. म्हणून सर्व तासांना सरसकट ७५ टक्क्यांची अट लावण्याऐवजी ती या तासांपुरती ठेवावी.”

हा परिच्छेद सुरुवातीच्या कोणत्याही बाजूशी पूर्ण जुळत नाही, हे लक्षात येईल. तो खोडूनही काढता येईल: पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांविषयीचा आक्षेप त्याने बाजूला ठेवला आहे. स्वतःच्या लेखनात अशी राहिलेली फट दिसली, तर ती झाकण्याऐवजी एका वाक्यात कबूल करावी; परीक्षकाला ती तशीही दिसणारच असते.

सरावाचे वेळापत्रक

आठवड्याला एक युक्तिवाद पुरे: एकदा अग्रलेख, एकदा पाठ्यपुस्तकातला परिच्छेद, एकदा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला संदेश. पहिल्या महिन्यात फक्त पहिल्या दोन पायऱ्या कराव्यात. घाईने पुढे गेलेले विद्यार्थी बहुधा चुकीचा निष्कर्ष धरून त्याचीच चिकित्सा करत बसतात. एक जोडीदार ठरवावा आणि वह्या बदलून वाचाव्यात, कारण आपण गाळलेले विधान आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला लगेच दिसते. वर्गात शंका विचारताना ‘सर, हे चूक आहे’ यापेक्षा ‘सर, या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा पुरावा कसा दिसला असता?’ असा प्रश्न विचारावा. त्यात आदर राखला जातो आणि उत्तरही अधिक मिळते. मात्र काही वर्गांत तोही प्रश्न उद्धटपणा ठरतो, अशा ठिकाणी तास संपल्यावर भेटणे शहाणपणाचे.

सत्राच्या शेवटी वहीचे पहिले पान पुन्हा उघडावे आणि वेगळ्या रंगाच्या शाईने त्याच युक्तिवादाची मांडणी पुन्हा करावी. पहिल्या वेळी एकही न उच्चारलेले विधान सापडले नव्हते आणि आता तीन सापडली, तर त्या पानाची एक प्रत काढून पुढच्या निबंधाच्या कच्च्या खर्ड्याला टाचून ठेवावी.